दोन सारख्या दोऱ्या

३ मार्च

मुंगे,

पत्र मिळालं, सायकलचा फोटोपण. आधी वाटलं इस्त्रीचं टेबल घेतलंस. मग चाकं दिसली. ह्यांनी फोटो उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला आणि विचारलं, "यात माणूस बसतो कुठे?" मी म्हटलं, बसत नाही, आडवा होतो. "मग झोपेत पायडल मारायचं का?" म्हणाले. सायकलच्या दुकानातल्या बाईशी अठ्ठावीस वर्षं संसार करून माणूस एवढंच शिकला.

तुझं म्हणणं मी परत लिहून काढते. चुकीचं कळलं असेल तर सांग. आधी तळ्यात पोहायचं, मग नव्वद किलोमीटर सायकल, मग एकवीस किलोमीटर पळायचं. सगळं एकाच दिवशी, कुणी मागे लागलेलं नसताना. पोहणं आणि सायकल मिळून साडेपाच तासांत झालं नाही तर मागून गाडी येते आणि तुला उचलते. मागच्या वर्षी एकाहत्तराव्या किलोमीटरला उचललं. तू सगळ्यांना सांगितलंस पंक्चर झाली. मलापण तेच सांगितलं होतंस, मी दोन ट्यूब मागवून ठेवल्या, त्या पडून आहेत. यंदा एकवीस जूनला परत आहे, आणि यंदाही गाडीत बसावं लागलं तर सायकल विकणार आणि परत त्या तळ्याकडे फिरकणार नाही म्हणतेस.

पन्नास किलोमीटर झाले की डाव्या गुडघ्यामागची शीर ओढते, उजव्या हाताची करंगळी बधिर होते, मान वर होत नाही. आणि त्या मोठ्या दुकानातल्या लेझरवाल्याने तीन तास माप घेऊन सायकल बसवून दिली आहे, तरी.

फोन कर म्हणतेस. नाही करणार. फोनवर तू गोड बोलून मला गुंडाळतेस. कागदावर खोटं लिहायला तुला जड जातं, गणिताची बाई आहेस. आणि दुकान टाकून मी तिकडे येणार नाही. पोस्टाने करू.

चटई टाकून पाठीवर सरळ झोप. कमरेच्या पुढे दोन बाजूंना हाडाचे उंचवटे लागतात, तिथून घोट्याच्या आतल्या हाडापर्यंत तुझ्या चष्मेवाल्या नवऱ्याला दोरी धरायला सांग. ताणायची नाही, ढिली सोडायची नाही. तिथेच कापायची. दोन्ही पायांची वेगवेगळी. उजवीच्या टोकाला शाईचा एक ठिपका, डावीच्या टोकाला दोन. गाठी मारू नकोस, गाठीत माप जातं. तिसरी दोरी कोपरापासून मुठीपर्यंत. आकडे लिहून पाठवू नकोस. टेप ज्याची त्याची असते, दोरी खरी.

पुढे कोपरं टेकवायला दोन छोट्या गाद्या आहेत ना, त्यांचे स्पंज काढून तेही पाठव. धुऊ नकोस.

अक्का

१४ मार्च

अक्का,

तीन दोऱ्या आणि दोन स्पंज पाठवते आहे. तू सांगितलंस म्हणून धुतले नाहीत. पाकीट बाहेर जाऊन उघड.

लेझरवाल्याबद्दल गैरसमज नको. त्याने माझ्या घोट्याला, गुडघ्याला, कमरेला, खांद्याला ठिपके चिकटवले, सायकल एका जागी उभी करून पायडल मारायला लावलं आणि बाजूला कॅमेरा लावून संगणकावर सगळे कोन काढले. गुडघ्याचा कोन उत्तम आला. छापील अहवाल दिला. त्यातल्या माझ्या चित्राला नाक नाही, बाकी सगळं आहे. "मॅडम, आता यापुढे त्रास झाला तर तो सायकलचा नाही," असं म्हणाला. म्हणजे माझा.

दोऱ्या यांनीच धरल्या आणि कापल्या.

एक विनंती. सीटची दांडी कार्बनची आहे. तिचा नट पाच न्यूटन मीटरपेक्षा जास्त कसायचा नाही, असं दांडीवरच लिहिलं आहे. जास्त कसला तर तडकते. तू मला काहीही करायला सांग, फक्त "अजून कस" सांगू नकोस. मागे तू आमची साधी सायकल दुरुस्त करून दिलीस, तिचं सीट आम्हाला आजतागायत खाली घेता आलेलं नाही. दोन पाने तुटले. यांनी शेवटी सीट खाली करण्याऐवजी सायकलच उंच भाच्याला देऊन टाकली.

मुंगी

२० मार्च

मुंगे,

दोऱ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. मग खिळ्याला टांगल्या. मग हे जेवायला बोलवायला आले, त्यांना धरून उभं केलं. दोन्ही पायांच्या दोऱ्या सारख्या. एका धाग्याचा फरक नाही.

माणसाचे दोन पाय इतके सारखे नसतात. माझे नाहीत. ह्यांचे तर मुळीच नाहीत, ह्यांच्या विजारी शिवणाऱ्या शिंप्याला विचार. एकच पाय दोनदा मापला की असं होतं. आणि म्हणे चष्मेवाल्याने कापल्या. त्या माणसाचा जन्म "उजवा डोळा झाका, आता डावा झाका" म्हणण्यात गेला. तो एकच बाजू दोनदा मापेल? दोऱ्या तू कापल्यास, आणि ठिपके मागाहून टाकलेस.

स्पंजांना पढवायला मात्र विसरलीस. उजवा पुठ्ठ्यासारखा चपटा झालाय, डावा नव्यासारखा फुगलेला. म्हणजे सगळं अंग तू उजव्या कोपरावर टाकतेस. का? डावा पाय पायडलला पुरत नाही. त्याला पोचवायला तू कंबर डावीकडे सोडतेस, आणि कंबर सोडली की पडू नये म्हणून उजव्या कोपराने स्वतःला धरून ठेवतेस. करंगळी त्यामुळे बधिर होते, शीर त्यामुळे ओढते, मान त्यामुळे धरते. दुखणी तीन, जागा एक.

लेझरवाल्याचा कॅमेरा कुठल्या बाजूला होता ते तू लिहिलं नाहीस. मी लिहिते. उजव्या.

तुझा डावा पाय आखूड आहे. तुला माहीत आहे, मला माहीत आहे, आई-आबांना माहीत होतं. तुझ्या चष्मेवाल्याला माहीत असणार, तो काही आंधळा नाही. फक्त त्या सायकलीला कुणी सांगितलेलं नाही. बुटात टाच घालून चालतेस तेव्हा चार लोकांना कळत नसेल, पण पायडलवर टाच नसते, पंजा असतो. तिथे सोंग चालत नाही.

खरी दोरी पाठव. त्याशिवाय मी एक नटही फिरवायला सांगणार नाही.

अक्का

२ एप्रिल

अक्का,

कॅमेरा उजवीकडे होता. मीच त्याला म्हटलं, या बाजूने उजेड बरा येतो.

यांना माहीत आहे. लग्न ठरलं तेव्हाच सांगितलं होतं. ते "बरं" म्हणाले, आणि त्यानंतर त्याबद्दल बोलायचं नाही असं आमच्या घरात ठरलं, कुणी ठरवलं ते आठवत नाही. शाळेत कुणाला माहीत नाही. सरावाच्या ग्रूपमध्ये कुणाला माहीत नाही. मी हळू आहे एवढं माहीत आहे, त्याचं खापर ते वयावर फोडतात. मीही फोडू देते.

पण दोरी लपवली ती त्यांच्यासाठी नाही. तुझ्यासाठी लपवली.

मी आठ वर्षांची होते. तू नको नको म्हणत होतीस तरी दुकानातली सायकल काढली आणि उतारावर दोन्ही हात सोडले, शेजारच्या मुली बघत होत्या म्हणून. पडल्याचं आठवत नाही, हात सोडल्याचं आठवतं. डाव्या मांडीचं हाड मोडलं, जुळलं ते आखूड. आबा चार महिने मला उचलून दवाखान्यात फेऱ्या घालत होते, म्हणून दुकानावर तुला बसवलं. तू शाळेत परत गेलीच नाहीस. मी शिकले, तू राहिलीस, आणि सगळं माझ्या मिजाशीपायी. अडतीस वर्षं झाली. तुझ्याकडे येताना मी टाचेचे बूट घालून येते आणि घरातही काढत नाही. तू माझ्या पायाकडे कधी बघत नाहीस. मला वाटतं, बघितलंस की तुला तुझी शाळा आठवत असेल.

एवढं लिहायला तेरा दिवस लागले. आता दोरी मागू नकोस.

मुंगी

७ एप्रिल

मुंगे,

आधी शाळेचं. मी चौथीत तिसऱ्यांदा बसले होते. बाईंनी आबांना बोलावून सांगितलं होतं, हिला घरकामाला लावा, पाढ्यांचा त्रास वाचेल. कुणाचा, ते बोलल्या नाहीत. दुकानावर बसवलं त्या दिवशी मी माझी पाटी, चाक सरकू नये म्हणून, त्याच्याखाली उटीला लावली. तेवढं सुख मला पुढे लग्नातही झालं नाही, हे ह्यांना कळवू नकोस. मी शिकले नाही कारण मला शिकायचं नव्हतं. उगाच माझ्या अडाणीपणाचं श्रेय घेऊ नकोस.

आता दुसरं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आबा गेले, आई गेली, त्यांनाही नाही.

सायकल तू काढलीस, पण तिचं सीट मी बसवलं होतं. त्याच सकाळी. आबा म्हणाले, नट कसून ठेव, गिऱ्हाईक येईल. मी बोटांनी फिरवला आणि पाना शोधायला गेले. पाना सापडेना. मग मी खेळायला गेले.

हात सोडून तू त्या उतारावरून त्याआधी दहा वेळा गेली होतीस. मी बघितलंय. माझ्यापेक्षा बरी चालवायचीस, म्हणूनच मी नको म्हणायची. तू हात सोडलेस म्हणून पडली नाहीस. सीट फिरलं म्हणून पडलीस. सगळे तुला उचलायला धावले, मी सायकल उचलायला. पाना तेव्हा बरोबर सापडला. रस्त्याच्या कडेला बसून मी नट कसला. आबा आले, त्यांनी सीट हलवून बघितलं, घट्ट होतं. तुला विचारलं, "हात सोडले होतेस ना?" तू रडत रडत हो म्हणालीस. मी तिथेच उभी होते.

तेव्हापासून मी प्रत्येक नट दोनदा कसते. लोक म्हणतात, अक्काच्या हातचा नट दुसऱ्या कुणाला सुटत नाही. त्यांना ते कौतुक वाटतं.

तुझ्या पायाकडे मी का बघत नाही, ते आता तुला कळलं.

तुला बरं वाटावं म्हणून हे लिहिलेलं नाही, वाटणारही नाही. दोरी हवी आहे म्हणून लिहिलंय. दोरी पाठव.

अक्का

२८ एप्रिल

मुंगे,

पत्र पोचलं का, हे विचारायला लिहीत नाही. पोचलंय. इथल्या पोस्टमनची सायकल माझ्याकडे असते, त्याला मी चौकशी करायला लावली. सात दिवस त्याला चेन मिळणार नाही असं सांगितल्यावर त्याने केली.

हे म्हणाले, फोन कर. मी म्हटलं, नाही. मग दुकानामागे जाऊन केला. तू उचलला नाहीस. तुझ्या जागी मी असते तर मीही उचलला नसता, वर नंबर बंद करून टाकला असता.

राग धर. कितीही दिवस धर. पण तोवर त्या सायकलवर बसू नकोस. तो पाय असाच ताणत राहिलीस तर जूनच्या आधी गुडघा जाईल. माझ्यावरचा राग तू गुडघ्यावर काढू नकोस. आठ आठवडेही राहिले नाहीत.

अक्का

५ मे

अक्का,

मी एकवीस वर्षं शिकवते आहे. दर वर्षी पहिल्या दिवशी नव्या वर्गाला सांगते, मुलांनो, मिजास केली की माणूस पडतो, माझा स्वतःचा अनुभव आहे. एकवीस वर्गांना चुकीचं शिकवलं. त्यांतली दोन मुलं आता न्यायाधीश आहेत. त्यांना काय कळवू?

माफ केलं असं मी लिहीत नाही, कारण अजून केलेलं नाही. जून झाल्यावर बघते. आता सरावातून वेळ नाही.

डाव्या पायाची दोरी सोबत आहे. या वेळी खरंच यांनी कापली. धरता धरता म्हणाले, "जरा उशीरच झाला."

मुंगी

१० मे

मुंगे,

दोरी मिळाली. उजवीला लावून बघितली. सहा सूत कमी. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तुझ्या भाषेत सगळं मिळून एकोणीस मिलीमीटर होतात.

सहा सूत कमी आहे म्हणून सहा सूत भरायचं नसतं. तेवढं भरलंस तर पंजा पायडलवर डुलतो, आणि अडतीस वर्षं तुझी कंबर ज्या वळणाला गेली तिला एका दिवसात सरळ हो म्हटलं तर ती ऐकणार नाही. अर्धं भरायचं. सोबत एकेक सुताच्या तीन चकत्या आहेत, पत्रा कापून कानशीने घासल्यात. डाव्या बुटाच्या तळाला पायडलमध्ये अडकणारा जो तुकडा असतो तो काढ, खाली तिन्ही चकत्या ठेव, वर तो परत बसव. लांब स्क्रू दिलेत.

सीट लेझरवाल्याच्या खुणेपासून एक सूत खाली घे. उजवा पाय कुरकुरेल. कुरकुरू दे. आजवर सगळं त्याच्याच मापाने झालं.

कोपराच्या गाद्या तीन सूत वर घे. गादी कोपराच्या हाडाखाली नको, चार बोटं पुढे हवी. आडवी झालीस की मान न उचलता समोरचा रस्ता दिसला पाहिजे. वारा थोडा जास्त लागेल. मान मोडून वाचवलेला वारा घेऊन करायचंय काय?

आता नट. पाच न्यूटन मीटर म्हणजे किती ते मी काट्यावर करून बघितलं. वीतभर लांब पान्याच्या टोकाला अडीच किलो वजन लावलं की तेवढं होतं. एवढंच! कपडे वाळत घालताना चिमटा मी त्याहून घट्ट लावते. माझा हात शिवशिवतोय, पण दांडीवर लिहिलंय तसं कर. कसून झाला की सीटला दोन्ही हातांनी हिसका देऊन बघ. मी सांगितलं, आबांनी सांगितलं, लेझरवाल्याने सांगितलं, कुणाचंही ऐकू नकोस. स्वतः बघ.

पहिले तीन दिवस वाकडं वाटेल. तुला सरळ बसायची सवय नाही. नवे स्पंज लाव आणि तीन आठवड्यांनी काढून बघ. दोन्ही सारखे चपटे झाले असतील तर पत्र लिहू नकोस, सराव कर. नसतील तर लगेच लिही.

अक्का

२४ जून

अक्का,

स्पंज सारखे चपटे झाले, म्हणून लिहिलं नाही.

रविवारी पाणी गार होतं. पोहून बाहेर आले तेव्हा माझ्या मागे अकरा माणसं होती. तुझ्या चकत्यांचा बूट बघून शेजारची बाई म्हणाली, नवीन तंत्र आहे का? मी हो म्हटलं. खोटं नव्हतं.

एकाहत्तरावा किलोमीटर एका लांब कुंपणाशी येतो. मागच्या वर्षी तिथेच गाडीत चढले होते. या वेळीही गाडी होती, पण मागे, दोनशे मीटरवर, दिवा लावून. तिला घाई नव्हती. माझी करंगळी जागी होती, शीर गप्प होती. मान वर करायची गरज पडली नाही, रस्ता दिसत होता. चौऱ्याऐंशीव्याला गाडी थांबल्याचा आवाज आला, तिने दुसऱ्या कुणाला तरी उचललं. मला वाईट वाटलं नाही, हे प्रामाणिकपणे लिहिते. नव्वद पुरे करून सायकल ठेवली तेव्हा पाच तास सव्वीस मिनिटं झाली होती. चार मिनिटं उरली.

पळायचे बूट चढवताना लक्षात आलं की डाव्या बुटातली टाच घरीच राहिली आहे. आदल्या दिवशी वाळत घातली होती. तशीच पळाले. एकवीस किलोमीटर, भर दुपारी, दोन्ही बाजूंना माणसं उभी, आणि मी सगळ्यांसमोर लंगडत. शेवटून तिसरी आले. पण आले. गळ्यात पदक घातलं, पाठीवर टॉवेल टाकला. यांनी फोटो काढला, तो अंधुक आलाय. चष्मेवाला असून.

माफीचं जून झाल्यावर बघते म्हणाले होते. जून संपायला सहा दिवस आहेत. तोवर दुकान बंद करून इकडे येता आलं तर ये, चटईवर एक जागा आहे.

नवव्या किलोमीटरचं सांगायचं राहिलं. तिथे पाण्याचं टेबल होतं. मला बघून एक माणूस पेले ठेवून धावत आला. "मॅडम, पाय दुखावला ना? थांबा, बसा, मी गाडी बोलावतो."

मी म्हटलं, "दुखावलेला नाही. आखूड आहे."

परक्या माणसाला हे मी पहिल्यांदाच सांगितलं. सांगितलं आणि थांबले, आता हा काय म्हणतो ते ऐकायला.

तो म्हणाला, "अच्छा. मग साधं पाणी देऊ की मिठाचं?"

मी मिठाचं घेतलं.

मुंगी